कोपराला लावलेला गूळ

शनिवार, ३ ऑगस्ट. संध्याकाळ.
मानवजातीवर आजवर झालेल्या अन्यायांची यादी कुणी करत असेल, तर तीत आजची तारीख घालावी. कपडे बदलायच्या खोलीतली हीटरशेजारची खुंटी एकवीस वर्षं माझी आहे. आज तिच्यावर कॅलमची बॅग. कॅलम म्हणजे माझा साडू. माझी बायको हेदर, तिच्या धाकट्या बहिणीने जगातले बाकीचे सगळे पुरुष सोडून हाच निवडला. मला म्हणतो, अरे लिंडसे, तुझी होती होय ही? तुझ्या बॅगेला दाराजवळ छान जागा केलीय बघ. दाराजवळ! तिथून ऑगस्टचा, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातला, वारा थेट पाठीत शिरतो. मी बॅग तिथे नेऊन ठेवली. मनाचा मोठेपणा हा माझा जुना दुर्गुण.

सामना टालबिन गावाशी; आमचा फुटबॉल चार क्वार्टरचा, चेंडू हातानेही झेलतात. हरलो. माझ्यासमोर डेस होलीओक, टालबिनचा गव्हाचा शेतकरी, माझ्याच वयाचा, म्हणजे सेहेचाळीस. नेहमीची पैज: पहिला गोल त्याने मारला तर बिअर माझ्याकडून, मी अडवला तर त्याच्याकडून. मारला. वाऱ्याच्या मदतीने. मी तो धरत नाही.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये चेंडूसाठी उडी घेताना माझ्या कोपराचा डेसच्या गालाला किंचित स्पर्श झाला. तो खाली बसला. मग आडवा झाला. डेस पहिल्यापासून नाटकी. पंचाने वही काढून माझा नंबर लिहून घेतला.

काळजीचं कारण नाही.

रविवार, ४ ऑगस्ट.
काळजी नाही, पण परिस्थिती नोंदवून ठेवतो.

आमच्या दुसऱ्या संघाचं वर्षाचं मेडल 'सर्वोत्तम आणि सभ्य' खेळाडूला मिळतं. मेख त्या 'सभ्य'मध्ये आहे. एका सामन्याची जरी बंदी आली तरी माणूस बाद. नुसती समज मिळाली तर चालतं. सत्तावीस हंगाम खेळलो, मेडल एकही नाही. कॅलमकडे तीन. त्यांच्या दिवाणखान्यात शेकोटीच्या वरच्या फळीवर मांडलीत. हेदर त्यांच्याकडे गेली की एकेक हातात घेऊन बघते. नुसती बघते. ती कशी बघते ते मी बघतो.

यंदा मात्र माझ्या हिशेबाने मला सतरा मतं, कॅलमला सोळा. दर सामन्याला पंच देतात ती मतं गुप्त असतात, पण सामन्यानंतर मी अंदाज लिहून ठेवतो. तटस्थपणे. शंका आली तर मत मला देतो.

आता शिक्षेचं. तेरा जुलैला याच कॅलमने अख्ख्या मैदानादेखत एका बचावपटूच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला. शिक्षा काय? समज! कारण ज्याला लागलं तोच शिस्त समितीपुढे म्हणाला, माझा पाय घसरला हो, मला काही लागलं नाही. रीतच आहे ती. मैदानातलं मैदानात. लागलं असं सांगणाऱ्याला आपल्याकडे कोणी बिअर पाजत नाही.

तेव्हा डेसही हेच सांगेल. ठोसा मुद्दाम मारावा लागतो, कोपर आपोआप लागतं. म्हणजे मला समजसुद्धा जास्तच.

सोमवार, ५ ऑगस्ट.
लीगचा ईमेल, 'श्री. लिंडसे पोकॉक यांस'. पाचच्या आत गुन्हा कबूल केला तर दोन सामन्यांवर भागेल. नाहीतर बुधवारी समितीपुढे या. दोन सामने म्हणजे मेडल गेलं. चार अठ्ठावन्नला 'नाही' कळवलं.

दुपारी डेसची बायको ग्वेन माझ्या दुकानात आली होती. आमच्या दोन गावांत मिळून औषधाचं दुकान एकच, त्याला मी काय करणार? जबडा दोन ठिकाणी मोडलाय म्हणे. तारांनी बांधून टाकलाय. सहा आठवडे सगळं पातळ. वेदनेच्या गोळ्या पाण्यात विरघळणाऱ्या दिल्या, वर लेबल चिकटवलं: यासोबत मद्य घेऊ नये. स्ट्रॉची दोन पाकिटंही नेली तिने, मान वाकणारे.

सहज विचारलं, डेस बुधवारी येऊन दोन शब्द बोलेल ना?

तिने स्ट्रॉची पाकिटं पिशवीत टाकली. मग म्हणाली, कशाने बोलेल, लिंडसे?

मंगळवार, ६ ऑगस्ट. दुकान बंद करताना.
साक्षीदार गेला. तरी तत्त्व आहे. लीगला निनावी पत्र लिहिलं, घरी जाताना त्यांच्या ऑफिसच्या दाराखालून सरकवणार. खाली सही: 'एक न्यायप्रेमी'. मुद्दा एकच: एका पंक्तीत एकाला तूप आणि दुसऱ्याला ताक हे किती दिवस चालणार? ठोशाला समज, मग कोपराला दोन सामने कसे? शिक्षा सगळ्यांना सारखी हवी. कॅलमचं नाव घातलं, पण दुःखाने. काउंटरवरच्या पॅडवर, डाव्या हाताने लिहिलं. माझं अक्षर गावात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे, वाचता येत नाही हे ठाऊक आहे.

हेदरने विचारलं, काय लिहितोयस? म्हटलं, खोकल्याच्या औषधाची ऑर्डर. म्हणाली, उगाच शहाणपणा करू नकोस. मिळेल ती शिक्षा घे आणि आधी डेसला भेटून ये.

साध्या माणसांना तत्त्वं कळत नाहीत.

बुधवार, ७ ऑगस्ट.
सुनावणी आठवड्याने पुढे ढकलली! 'आलेल्या एका पत्राचा गांभीर्याने विचार चालू असल्यामुळे.' लेखणीची ताकद. झोपेपर्यंत गुणगुणत होतो. हेदर उठून दुसऱ्या खोलीत गेली.

शनिवार, १० ऑगस्ट.
निकाल लागेपर्यंत खेळायचं नाही म्हणून कुंपणाशी उभा. कॅलमचे पाच गोल. एकही देखणा नाही. मत दिलं नाही त्याला.

जाता जाता खुंटी बघितली. त्याचीच बॅग.

बुधवार, १४ ऑगस्ट.
बोलिंग क्लबच्या मागच्या खोलीत समिती. तिघेजण. मधला चेअरमन, मेंढ्यांचा निवृत्त दलाल. माणसाकडेही तो दात मोजल्यासारखं बघतो.

मी अकरा मुद्दे टाइप करून नेले होते. आत जातो तर भिंतीशी कॅलम. टाय लावून. मी विचारलं, तू इथं कसा? म्हणाला, तुझ्या चांगल्या वर्तणुकीची साक्ष द्यायला. हेदरने सांगितलं होतं.

आणि दारातून डेस. चेहरा कलिंगडाएवढा, जांभळा. ग्वेन त्याला चाळीस किलोमीटर गाडीतून घेऊन आली होती. त्याच्या काखेत नातीची पाटी. चेअरमनने विचारल्यावर त्याने तीवर खडूने लिहिलं: पाय घसरला. काही लागलं नाही.

चेअरमनने एक्स-रे दिव्यापुढे धरला. म्हणाला, असं? कशावर घसरलास, डेस?

डेसने पाटी पुसून लिहिलं: चिखल.

सगळी खोली हसली. डेसही हसायला गेला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी मुद्दा क्रमांक एक काढला.

चेअरमन म्हणाला, थांब जरा. मग त्याने माझं पत्र काढून मोठ्याने वाचलं. सगळं. कॅलमच्या नावासकट. वाचून म्हणाला, या न्यायप्रेमी गृहस्थाचं बरोबर आहे. आजवर आम्ही तोंडं बघून शिक्षा दिल्या. यापुढे सगळ्यांना एक माप. हाड मोडलं की सहा सामने. आजपासून सुरू.

म्हटलं, आणि जुलैचा तो ठोसा?

तर म्हणे, तो ओठ होता, पोकॉक. ओठात हाड नसतं.

मग त्याने कागद दिव्याखाली धरला. वर हिरव्या अक्षरांत काहीतरी छापलंय म्हणाला. तेही वाचलं: 'जळजळ होतेय? रोज एक गोळी.' आमच्या बायकोकडेही हेच पॅड आहे, म्हणाला. तुझ्याच दुकानातून आणलंय.

गोळ्यांच्या कंपनीचा माणूस पॅड फुकट देतो. मी तरी काय करणार?

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाहेर गाड्यांपाशी कॅलमने टाय सैल केला. म्हणाला, खुंटी हवी होती तर सांगायचंस की रे.

गुरुवार, १५ ऑगस्ट.
अपील करणार. मजबूत मुद्दे आहेत. हेदर बोलत नाही, तिची बहीणही फोन उचलत नाही. अपील लिहायला अशी शांतता उत्तम.

शुक्रवार, १६ ऑगस्ट.
लिहिलं नाही. पॅड सापडलं नाही.

शुक्रवार, ६ सप्टेंबर.
मेडलची मतमोजणी. गेलो. बंदीवाल्यांची मतंही वाचून दाखवतात. न खेळणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त मतं मिळाली की सभागृहात जी हळहळ पसरते, तिच्यासाठी मी चेहरा तयार करून बसलो होतो.

कॅलम: बावीस. त्याचं चौथं.

पोकॉक: दोन.

मोजणाऱ्या बाईने पान उलटून मागेही बघितलं. दोनच. दोन्ही एप्रिलमधल्या एकाच सामन्यातली. त्या शनिवारी कॅलम तापाने घरी होता.

म्हणजे बंदी नसती तरी. म्हणजे त्या मेडलसाठी मी जे जे. जाऊ दे. कोपराला लावलेला गूळ तो. माणूस चाटायला जातो आणि कोपर फिरतं, दुसऱ्याच्या जबड्यात.

हेदरने टेबलाखालून माझा हात धरला. महिन्याभरात पहिल्यांदा. कॅलमकडे बघत असल्यामुळे मी तो नीट धरला नाही.

रविवार, ८ सप्टेंबर. दुपार.
टालबिनला गेलो. डेस व्हरांड्यात उन्हाला बसला होता. निम्मा झालाय. मी आधी विचारलं, शेवटची गोळी कधी घेतलीस? त्याने पाटीवर लिहिलं: गेल्या सोमवारी. मग चालेल.

बिअर ओतली. फेस खाली बसू दिला, तो स्ट्रॉतून येत नाही. स्ट्रॉ दुकानातून नेला होता, मान वाकणारा. त्याने पाटीवर लिहिलं: कशाची?

म्हटलं, पैजेची. पहिला गोल तुझा होता.

त्याने लिहिलं: वारा होता.

म्हटलं, वाऱ्यातला गोलही गोलच.

त्या दिवशी उडी घेण्याआधी डेस काय म्हणाला होता ते मी या वहीत लिहिलेलं नाही. म्हणाला होता, तुझा साडू काय खेळतोय रे आज! एवढंच. कौतुकाने. मग कोपर.

त्याने लिहिलं: मेडल?

म्हटलं, साडूला.

तो खडू पाटीवर टेकवून 'काय खे' एवढं लिहून थांबला. माझ्या कोपराकडे बघितलं. बाहीने पुसून टाकलं. त्याच्या घशातून खुसखुस असा आवाज आला. मग माझ्याही.

त्याच्या दोन्ही हातांत पाटी आणि खडू. ग्लास संपेपर्यंत मीच धरून बसलो, कोपर अंगाशी घट्ट लावून.