पहिल्या गटाची गळती

२१ सप्टेंबर, रविवार

बॅटरीचे सेल आले. सिद्धार्थ स्वतः घेऊन आला, माझगावच्या त्याच्या वर्कशॉपमधून, चपलांच्या खोक्यात. "नवे आहेत. इलेक्ट्रिक स्कूटरच्या ऑर्डरमधून उरलेले."

उरलेले म्हणजे काय? नवा माल उरतो कसा? विचारलं. हसला. "तू देवळात गेलीस तरी प्रसादाची एक्स्पायरी बघशील!"

बघेन. सेलवरचं वेष्टन कुणीही बदलू शकतं.

हे सगळं कशासाठी ते इथे लिहून ठेवते, म्हणजे मधेच डळमळायला नको. बिल्डिंगची जुनी वायरिंग बदलणार आहेत. जिन्यात नोटीस लागली आहे — दिवाळीनंतर महिनाभर वीज कधीही जाईल, कितीही वेळ. अण्णांना झोपताना श्वासाचं मशीन लागतं, दुपारीसुद्धा. परळच्या डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलंय, मशीनशिवाय झोपू द्यायचं नाही. नीलदादा म्हणतो, काम संपेपर्यंत अण्णा त्याच्याकडे, खारघरला. खारघरला गेलेले अण्णा गिरगावात परत येणार नाहीत, हे दादाला माहीत आहे. मला माहीत आहे. अण्णांना तर आहेच.

तयार इन्व्हर्टर दोन दुकानांत पाहिले. आत काय आहे ते उघडून दाखवायला कुणी तयार नाही. न उघडलेल्या डब्यावर मी अण्णांचा श्वास ठेवणार नाही. दादाला म्हटलं, बॅटरी मी बांधते. तो म्हणाला, "भाऊबीजेला येतो. चालवून दाखव. नाही चालली तर त्याच दिवशी अण्णांना घेऊन जातो."

ठरलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

प्रत्येक सेल भरला, रिकामा केला, पुन्हा भरला. आकडे एकमेकांच्या फारच जवळ. इतके चांगले, की संशय यावा. दोन बाजूला काढले. सिद्धार्थचा फोन — "पास झाले का माझे सेल?" म्हटलं, आत्तापुरते. "आणि मी?"

फोन ठेवून सेल खोक्यात भरले. त्याच्या घरी आमच्या लग्नाची बोलणी सुरू करायची म्हणतायत. मला अजून थोडं मोजायचंय.

२८ सप्टेंबर, रविवार

वेल्डिंग झालं. पाच-पाच सेलचे सात गट, एकापुढे एक. प्रत्येक सेलच्या डोक्यावर आधी कागदी वॉशर चिकटवले. सेलची मधली टोपी धन, आणि तिच्या भोवतीचा काठ लगेच ऋण. मधे केसाएवढं अंतर. कागद सुटला तर संपलं. वर निकेलची पट्टी, तिच्यावर स्पॉट वेल्डरचे टिपके.

घड्याळ काढलं. आईची बांगडी काढली. बांगडी दोन पट्ट्यांवर पडली असती तर आज ही वही लिहायला कुणी नसतं.

अण्णा खुर्चीत बसून दिवसभर बघत होते. टिक. टिक. टिक. "आमच्या हापिसात सही करायला साहेब उशिरा आला की असाच आवाज यायचा. तीस टाइपरायटर, सगळे रागावलेले." त्यांचा स्वतःचा टाइपरायटर कपाटावर आहे. झाकलेला. पोर्ट ट्रस्टमधून निवृत्त झाले तेव्हा विकत घेतला. नंतर एक ओळही टाइप केली नाही.

"फुटणार नाही ना गं?"

"नाही."

"मग ‘बघताय काय असे?’ म्हण की बापाला."

पहिला गट त्यांच्या खुर्चीच्या बाजूला आहे. सातवा माझ्या.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. आई असती तर सकाळीच मल्टिमीटर, कात्री, विळी, टाइपरायटर, सगळ्यांना ओळीने हळदकुंकू. आणि अण्णांचं ठरलेलं — "यंत्राला तेल लागतं, कुंकू नाही!" आई जानेवारीत गेली. वर्षाच्या आत घरात सण नाही. मी नेहमीसारखी ऑफिसला गेले. बॅटरीचा पॅक टेबलावर उघडाच राहिला. तपासणी बाकी होती. दिवसभर अण्णांजवळ असणाऱ्या सुंदराबाई दुपारी लवकर गेल्या, त्यांच्या घरी पूजा.

संध्याकाळी गॅलरीत शेजारचे शामराव तणतणत होते. "तोरण लावून चार तास नाही झाले, मधलं फूल गायब! या बिल्डिंगीत झेंडूसुद्धा चोरतात!"

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसऱ्याची सुट्टी. पॅक पुसून, तपासून, सर्किट जोडून, वरची प्लास्टिकची श्रिंक स्लीव्ह गरम हवेने आवळून बंद केला. सातही गट ३.६२ व्होल्ट. सातही! इतकं सरळ काम माझ्या हातून पहिल्यांदा झालं. बरं वाटलं — आणि लगेच वाटलं, काय राहिलं?

सुंदराबाईंची बडबड: "अण्णांच्या नॅपकिनाक हळद कसली लागली ती? दोनदा धुतलंय, जाता नाय."

६ ऑक्टोबर, सोमवार

पहिला गट खाली. बाकीचे सहा जागच्या जागी.

पॅकला काहीही जोडलेलं नाही. मग वीज जाते कुठे?

८ ऑक्टोबर, बुधवार

आज आणखी खाली. मल्टिमीटर बदलून बघितला. ऑफिसातला आणला. तोच आकडा. आधी संशय संरक्षक सर्किटवर. ते गटांना सारखं करायला एखाद्यातून वीज खाऊ शकतं. त्याचा प्लग काढून टाकला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सर्किट दोन दिवस बाहेर आहे. गट तरी उतरतोच आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

घरी आले तर सुंदराबाई म्हणाल्या, "दादा येवन गेले. बॅटरीकडे बसान होते, बराच येळ."

मी नसताना?

दादाला फोन केला. "अगं, बघत होतो फक्त. बातम्यांमध्ये बघतेस ना, चार्जिंगला लावलेल्या स्कूटरी पेटतात. तोच माल तू अण्णांच्या खाटेशी ठेवणार!"

"हात लावलास?"

"उर्वी, तू मला काय समजतेस?"

हे उत्तर नव्हे.

त्याला अण्णा हवेतच. ते मी नाकारत नाही. आई गेल्यापासून त्याला वाटतं, आपण काहीच केलं नाही. पण बॅटरी नापास झाली तर ते आपोआप होईल, आणि दोष त्याच्याकडे जाणार नाही. माझ्याकडे येईल.

प्लगवर आणि स्लीव्हच्या जोडावर आईच्या जुन्या नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली. कुणी उघडलं तर रेघ तुटेल.

अण्णांनी विचारलं, "बॅटरीला नटवतेस?"

१५ ऑक्टोबर, बुधवार

रेघ अख्खी. गट आणखी खाली.

म्हणजे दादा नाही. निदान शनिवारपासून तरी नाही. उघडल्याशिवाय उतरतोय, म्हणजे आतूनच उतरतोय. आत फक्त सेल आहेत. आणि सेल कुणी आणले?

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सिद्धार्थला चर्नी रोडला भेटले. त्याच्यासमोर कागद ठेवला, तारखा आणि आकडे. त्याने बघितला. मला वाटलं, बघून घाबरेल. घाबरला नाही. चहा ढवळत राहिला.

"पाचही सेल एकदम खराब? तू स्वतः टेस्ट केलेस ना?"

"वापरलेले सेल टेस्टला चांगले दिसतात. नंतर गळतात."

"वापरलेले नाहीत."

"ऑर्डरमधून उरले म्हणालास. कुठल्या ऑर्डरमधून? बिल दाखव."

तेव्हा म्हणाला. सेल उरलेले नव्हते. त्याने स्वतःच्या पैशांनी घेतले होते, वर्कशॉपच्या ऑर्डरबरोबर. "उरलेले म्हटलं, कारण मी दिले म्हटलं असतं तर तू घेतले नसतेस."

हे पटण्यासारखं आहे. म्हणूनच पटलं नाही. खोटं एकदा बोलला, तर दुसऱ्यांदा का नाही? तेच म्हटलं, तसंच.

तो उठला. "अण्णांचं मशीन चालायला हवं, म्हणून एक सांगतो. पॅक उघड. माझ्यावर संशय घ्यायला पुढे आयुष्य आहे." मग थांबला. "नाही, ते पण नको."

गेला. चहा तसाच.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. आमच्याकडे फक्त दिवा. बाहेर धूर इतका, की अण्णांनी दिवसाही मास्क काढला नाही. पहिला गट ३.१९. आता पूर्ण पॅक भरला तरी हा गट आधी संपेल आणि सर्किट सगळंच बंद करेल. मशीन अर्ध्या झोपेत थांबेल.

भाऊबीज परवा.

अण्णा मास्कमधून म्हणाले, "खारघरला लिफ्ट आहे म्हणे." मी दिव्यात तेल घातलं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

रजा घेतली. पॅक उघडला.

स्लीव्ह कापल्याबरोबर वास आला. ओलसर, देवघरासारखा. माझ्या टेबलावर हा वास कुठून? पहिल्या गटाची पट्टी सोलली. खालचे कागदी वॉशर पांढरे असायला हवेत. पाचही पिवळट-तांबूस, आणि दमट! टोपीच्या कडेला हिरवट गंज. एका वॉशरच्या कडेत तांदळाचा दाणा अडकलेला.

हळदकुंकू. अक्षता.

कुणीतरी उघड्या पॅकची पूजा केली आणि मग ओल्या फडक्याने पुसून घेतला. वरचं निघालं, पाणी कागदात उतरलं. मी वरून स्लीव्ह आवळून ओल आत कोंडली. धन आणि ऋण यांच्यामधे हळदीकुंकवाचा ओला कागद — तीन आठवडे तिथून थेंबथेंब वीज गळत होती. सेलमध्ये दोष नाही. सर्किटमध्ये नाही. कुणी काही चोरलं नाही, बदललं नाही.

खंडेनवमी. पॅक उघडा होता. घरात सुंदराबाई आणि अण्णा. अण्णा बाथरूमपर्यंत जायचं तरी हात धरून जातात, आणि कुंकवाला आयुष्यभर हसले. राहिल्या सुंदराबाई.

विचारलं. भडकल्या. "माका कित्याक विचारतंस? माझा कोयता नि विळी माझ्या घरात, तेंका लावलंय कुंकू. तुझ्या त्या बॉम्बाक हात कोण लावतला!"

विश्वास नाही. लवकर गेल्या होत्या, जायच्या आधी उरकलं असेल. पण त्यांच्याशिवाय अण्णांचा दिवस जात नाही. पुढे बोलले नाही.

ते पाच सेल टाकले. गंजलेला सेल मी वापरत नाही. बाजूला ठेवलेले दोन आणि शिल्लकचे तीन तपासून घातले. नवे वॉशर. पुन्हा वेल्डिंग. संध्याकाळी पॅक भरला.

सिद्धार्थला मेसेज — "सेल चांगले होते. चूक माझी." निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. येऊ नये, हे मला बरोबर वाटतं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. यंदा ओवाळणी नाही. दादा खारघरहून आला तो रिकामी बॅग घेऊन. अण्णांचे कपडे त्यात भरायला. दारातच ठेवली, जरा लाजून.

जेवणानंतर अण्णा झोपले. मशीनचा प्लग भिंतीतून काढला, पॅकला लावला. दादा समोर स्टुलावर. मी मल्टिमीटर घेऊन. मशीन सूं-सूं करत राहिलं. दादा मधून मधून बॅटरीला हात लावून बघत होता, तापाच्या पोराचं कपाळ बघावं तसा. गार होती.

अण्णा भरपूर झोपले. उठले तेव्हा उन्हं उतरली होती. पॅक निम्म्याहून जास्त शिल्लक. सातही गट सारखे.

दादाने मल्टिमीटर माझ्या हातातून घेऊन आकडा बघितला. मग म्हणाला, "मागे काय बिघडलं होतं? सुंदराबाई म्हणत होत्या, तू काल सगळं उघडलंस."

सुंदराबाई स्वयंपाकघरात होत्या. भांड्यांचा आवाज थांबला. दादाला कळलं तर त्यांना उद्या काढेल.

"ओल राहिली होती आत. मी उघडा ठेवला. माझी चूक."

अण्णा माझ्याकडे बघत होते. मास्कचा वळ गालावर तसाच.

दादा उठला. बॅग उचलली. "राहू दे मग इथेच. पण रोज फोन." बॅग रिकामीच घेऊन गेला. जिन्यात वळून म्हणाला, "मी खरंच हात लावला नव्हता गं."

"माहीत आहे," म्हटलं. कालपासून माहीत होतं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी अण्णा पेपरच्या आडून म्हणाले, "कोरड्या फडक्याने निघेना. म्हणून नॅपकिन भिजवला."

मी चहा गाळायची थांबले.

"तुझी आई टाइपरायटरला लावायची, मी पुसून टाकायचो. दर वर्षी. यंदा लावायला कुणी नव्हतं. म्हटलं, मुलीचं यंत्र, एवढ्या मेहनतीचं. मग लाज वाटली... भिंत धरत धरत गॅलरीत गेलो गं. फूल शामरावाचं. त्याला सांगू नकोस."

पेपरचं पान उलटलं. "काल नीलसमोर मला सांभाळून घेतलंस. कळलं मला."

मला ठाऊकच नव्हतं. घरात एवढ्या सगळ्यांवर संशय घेतला, त्यांच्यावर घ्यायचं सुचलंही नाही. हे त्यांना सांगितलं नाही. "हो," म्हटलं.