वरातीतली करकर

रविवार, संध्याकाळ

जिंकलो! देऊळघाटच्या वरातीत आज आमच्या टेम्पोवरच्या डीजेत एकदाही करकर झाली नाही.

मागच्या लग्नात नवरदेव घोड्यावर अन् गाण्यात नुसती करकर. पार्टनर गजू म्हणे, "स्पीकर फाटला बे." मलेही तेच वाटलं. पण कारण दुसरंच निघालं. जनरेटरची घरघर गाण्यात येते म्हणून आम्हीच लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवतो. मग लॅपटॉप बॅटरी वाचवाले धीमा होते, अन् करकर सुरू. आज चार्जर काढलाच, पण सेटिंगमधली बॅटरी बचतही बंद केली. बस, एवढंच होतं!

सकाळी नवरदेवाचा मामा दम देऊन गेला होता, "गाणं अडकलं तर बँडवाला बोलावीन." तोच शेवटी नाचून नाचून घामाघूम, टेम्पोले धरून म्हणे, "आता तरी बंद कर ना बे!"

मी आवाज वाढवला.