शेऱ्यांचा रकाना

५ ऑक्टोबर, सोमवार

दहा दिवस टाळलं. वही उशाखाली, मी वर. काल ताईनं चादर बदलताना ती काढून टेबलावर ठेवली. उघडली नाही. तिनं उघडली नाही म्हणूनच आज लिहितोय. एवढी रीत मला असती तर लिहायची वेळच आली नसती.

तर मुळापासून. औषधांची खोकी आणि लेबलं छापणाऱ्या छापखान्यात मी तीन महिन्यांपूर्वी लागलो. दाजींच्या शब्दावर, साहेब त्यांच्या ओळखीचे. त्याआधी टायरचं दुकान, मग लॉजचं काउंटर, मग बोटींचं रंगकाम – बोटींचं लिहायला लागलो तर पानं पुरायची नाहीत, पहाटे पाणी कसं शिशासारखं जड दिसायचं – नको. विषय बदलतोय मी, कळतंय मला.

काम असं : संगणकांच्या तारा, विसरलेले पासवर्ड, आणि दर शुक्रवारी यादी. कोणत्या नंबरवर कोणती साइट उघडली, काय शोधलं, किती मिनिटं. बावीस संगणक. भिंतीवर कागद आहे, 'वापरावर देखरेख ठेवली जाते', खाली सगळ्यांच्या सह्या. वाचलाय कुणीच नाही. माझा स्वतःचा नंबर मी यादीतून गाळतो. मी दिवसभर कुठली बंदरं बघत बसतो ते साहेबांना कशाला?

६ ऑक्टोबर

यादी साहेब बघायचेच नाहीत. सरळ ड्रॉवरमध्ये. मला ते लागलं. म्हणून मी शेवटी एक रकाना वाढवला – शेरा. कुणी सांगितलं नव्हतं.

'चार नंबर : कुत्र्यांची नावं शोधतात. कुत्रा नाही.'

'अकरा नंबर : वजन कमी करण्याचे उपाय, चाळीस मिनिटं, बसून.'

साहेब पोट धरून हसले. "अरे, तू तर लेखक निघालास!" त्या एका वाक्यावर मी आठवडाभर फुगून फिरलो.

मग २५ सप्टेंबरची यादी. 'सात नंबर : डोळ्यांच्या पडद्याचे आजार, रोज जेवणाच्या सुट्टीत. बाई डॉक्टर होणार, आपल्याला विसरणार.'

साहेब हसले. मग थांबले. "सात म्हणजे तपासणीचं टेबल ना?"

हो म्हणालो. मी अजून हसतच होतो.

तेव्हापासून साहेब काचेतून त्या टेबलाकडे बघत असतात.

७ ऑक्टोबर

सात नंबर म्हणजे भिंगबाई. गळ्यात दोरीनं भिंग, म्हणून. छपाई सुरू होण्याआधी शेवटची नजर त्यांची. पाच मिलिग्रॅमचं पन्नास होऊ नये, म्हणून. सव्वीस वर्षं हेच. मला 'भटक्या' म्हणतात. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "भटक्या, आधी बूड टेकवायला शीक, संगणक नंतर." डबा आणला नसला की झाकणात आपल्यातलं अर्धं काढून सरकवतात, न बघता, म्हणजे मला घ्यायला संकोच नको.

मला वाटायचं न बघता.

८ ऑक्टोबर

आज त्यांना आत बोलावलं. अर्धा तास. बाहेर आल्या तेव्हा भिंग हातात होतं. दोरी मुठीत गुंडाळलेली.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

त्या माझ्या खोलीत आल्या. दार लोटून घेतलं.

"खरं सांग भटक्या. आम्ही काय उघडतो, ते तुला दिसतं?"

"छे हो बाई. नुसती मिनिटं दिसतात."

"मग माझ्या डोळ्यांचं त्यांना कसं कळलं? मी घरी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही."

मी तार गुंडाळत राहिलो. तीच तार, सोडून परत.

"टेबलावरून उठवलंय मला. कामावर ठेवायचं की नाही, ते पत्रानं कळवणार म्हणे." मग म्हणाल्या, "तू जेवलास का?"

यादी केली आज. शेऱ्याचा रकाना कोरा.

१२ ऑक्टोबर

छपाईच्या मशीनवरचे दादा आज माझ्याशी बोलले, एरवी बोलत नाहीत. म्हणाले, "सहा महिने झाले, बाई मला प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचायला लावत होत्या. म्हणायच्या, माझ्या दोन डोळ्यांपेक्षा चार बरे. एक चूक गेली नाही रे. टेबलावरून उठवल्यावर सांगितलं मला, वीस तारखेला मोठ्या डॉक्टरांकडे जायच्या होत्या. ते काय म्हणतात ते ऐकून स्वतःच सांगणार होत्या साहेबांना."

मी दिवसभर मनाशी एकच घोकतोय : औषधाचं लेबल आहे, एखादी चूक गेली असती तर कुणाच्या जिवावर बेतलं असतं, म्हणजे मी बरंच केलं. ऐकायला छान वाटतं. पण मी ते त्यासाठी लिहिलंच नव्हतं. मी हशा मिळवायला लिहिलं होतं.

१४ ऑक्टोबर

धीर करून साहेबांकडे गेलो. म्हणालो, ती यादी तेवढी फाडून टाका.

"फाडू कशी? पत्राला जोडलीय. पुरावा म्हणून. कालच टपालात गेलं."

"निदान शेरा –"

"तसाच ठेवलाय. खोडला असता तर फेरफार केला म्हणाले असते." मग पाठ थोपटली माझी. "बरं काम केलंस. पुढच्या महिन्यापासून टेबलांवरच्या फोनचीही यादी करायची."

मी "बरं" म्हणालो. हे इथे लिहायलाच हवं. 'नाही' म्हणालो नाही. 'बरं' म्हणालो.

१६ ऑक्टोबर

जेवताना दाजी ताईला म्हणाले, "या वेळी टिकला बघ तुझा भाऊ. छापखान्यात गेलो की आता मान वर करून जाता येतं मला."

पाणी प्यायलो, ठसका लागला. ताईनं पाठीवर थापट्या मारल्या. साहेबांनी थोपटली होती, तीच जागा.

१७ ऑक्टोबर

बॅग भरली. दोन शर्ट, ही वही. मला येतं तेवढं एकच – निघून जाणं. भिंगबाईंना सांगून जावं असं सकाळी वाटलं होतं. त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलोही. तिथे एक माणूस सायकलचं चाक सरळ करत होता, स्पोक एकेक ताणून. अर्धा तास ते बघत उभा राहिलो. आणि परत आलो.

उद्या दुपारची गाडी.

१८ ऑक्टोबर, रविवार

भिंगबाई आल्यात. बाहेरच्या खोलीत बसल्यात. हातात छापखान्याचं पाकीट, न फोडलेलं, जाडजूड. ताईला म्हणाल्या, "अक्षर बारीक असणार, मला नाही दिसायचं. घरच्यांच्या हातात द्यायचं नाहीये. भटक्या आहे ना? त्याला म्हणावं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखव, काही गाळू नकोस."