मोटारीच्या पोटाला डांबर

वैशाख वद्य ८, फसली १३४२

मोटार आज लाकडी ओंडक्यांवर चढवली! अर्धं तलवाडा गाव तिच्या पोटाखाली वाकून बघत होतं, जशी काही बाळंतीणच. मलाही बघायचं होतं, पण ही कंबर वाकली की परत सरळ होईल याचा भरवसा नाही. मुंजाजी म्हणाला, "आज्जे, तू बस. मी सांगतो तुला."

मुंजाजी माझा नातू, मोटार त्याची. कुणीतरी वापरून टाकलेली, जुनी. तीन वर्षं गेवराई ते बीड उतारू नेतो. आठ-आठ दिवस घराकडे फिरकत नाही, मोटारीतच झोपतो. रोज सिंदफणा नदीचं पाणी, चिखल, शेण — खालचा सांगाडा गंजलाय, लोखंडाला पापुद्रे सुटलेत. आता पाऊस लागला की काळ्या रानातला रस्ता बंद. चार महिने ती इथंच छपराखाली उभी राहणार. तेवढ्यात सांगाडा सडला तर दसऱ्याला उठायची नाही. म्हणून काहीतरी लेप द्यायचा. कसला, ते उद्या धुळाजी लोहार येऊन सांगणार.

हे लिहितात केसरबाई, माझ्या नणंद. पोथी वाचायला शिकल्या आणि माझ्या तावडीत सापडल्या! मी "हाय" म्हणते, त्या "आहे" लिहितात. लिहू द्या. बोलणं मात्र ज्याचं त्याचं जसंच्या तसं, असं बजावलंय.

वैशाख वद्य ९

धुळाजी मोटारीखाली घुसला तो घटकाभर बाहेर येईना. मग म्हणाला, "माय, आधी विटेनं न् वाळूनं घासू. गंज पार निघाला पायजे. मग जवसाच्या तेलात शेंदूर खलून दोन हात देऊ. लोखंडाला यापरीस चांगलं औषध न्हाई."

"शेंदूर? शेंदूर लागला की त्यो देव झाला! त्याच्या डोक्यावर माणसं बूड टेकून बसणार? खालून शेण उडणार? उद्या बाया नारळ घेऊन येतील रे!"

मुंजाजी हसला. "मग तिकिटाऐवजी नारळच घेऊ, आज्जे."

मी म्हणाले, बैलगाडीला वंगण घालतो तसं करडईचं तेल आणि राख फासा. तर धुळाजी म्हणतो, पहिल्या पावसात धुऊन जाईल. राहिलं डांबर. त्याचा डबा मुंजाजीनं बीडहून आणलेलाच होता.

"डांबर चालंल," धुळाजी म्हणाला, "पण घासल्याबिगर न्हाई. वल्या गंजावर डांबर म्हंजे वल्या जखमेवर घट्ट पट्टी. आत सडंल, वरून दिसायचं न्हाई."

"मिरगाचा पाऊस तोंडावर आलाय. घासत कशापायी बसायचं? लावा तसंच डांबर!"

वर आणखी बोलले — "तुझ्या बापानं आमच्या गाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवली, ती अजून हलली न्हाई. तू नुसता बोलतूस." चारचौघांत. तो हत्यारं उचलून गेला.

वैशाख वद्य १०

धुळाजीकडे ताक पाठवलं. तांब्या रिकामा परत आला. निरोप नाही.

वैशाख वद्य १२

मुंजाजी पायाशी येऊन बसला. "आज्जे, एक डाव धुळाजीचं ऐक."

"माझ्या दारात देवाची इटंबना नको. शेंदूर लावायचाच आसंल तर मी मेल्यावर लाव."

तो उठून गेला. हे मरणाचं वाक्य मी त्याच्या बापालाही ऐकवलं होतं, तो परळीकडे रूळ टाकायच्या कामाला निघाला तेव्हा. तो हसला आणि गेला. तिथंच तापानं संपला. त्याच्या पोरानं मात्र ऐकलं.

ऐकणाऱ्याचं जास्त वाईट वाटतं.

ज्येष्ठ शुद्ध २

डांबर झालं. घासलं नाही, वरवर झाडलं फक्त. मुंजाजी दिवसभर पाठीवर पडून फासत होता. एक थेंब केसात पडला, तेवढे केस कापावे लागले — अर्धवट कातरलेल्या मेंढरासारखा दिसतोय! मोटार काळीकुळकुळीत झाली. बघणारे म्हणतात, झ्याक.

ज्येष्ठ वद्य ४

रस्ता बंद. नातू घरी.

आषाढ शुद्ध ७

दिवस बरे चाललेत. दोन्ही वेळा घरात जेवतो. भाकरी मोजायची नाही, असा आमचा करार आहे. तरी वन्सं मोजतात.

आज जेवता जेवता म्हणाला, "दसऱ्यानंतर बीडची फेरी सोडतो, आज्जे. तलवाडा ते माजलगाव मोटार घालतो. परवानगीचा अर्ज दिलाय. रोज सांजच्याला घरी. मोटार हाय तवर मी आता कुठं जात न्हाई बघ."

मी ताटावरून उठले. वन्संनी विचारलं, "धूर गेला का डोळ्यांत?" चूल तर विझलेली होती.

श्रावण अमावास्या, पोळा

बैलांची शिंगं रंगवली. मला कशात गोडी नाही.

मुंजाजीला विचारलं, "ते डांबर आता खरवडता येईल का रे?" तो म्हणाला, "आता? ह्या चिखलात? आज्जे, तुला झालंय काय?" म्हणून काठी टेकत मीच धुळाजीच्या भट्टीवर गेले. तीन महिन्यांनी. त्यानं पोतं अंथरलं, बस म्हणाला. पण म्हणाला, "आता उघडलं तर लोखंड आणखीनच वलं व्हईल, माय. उघडीप पडू दे."

त्या दिवशीचं बोलणं मागं घेते, असं म्हणायला गेले होते. पावसावर बोलून परत आले.

आश्विन शुद्ध ३

उघडीप पडली. धुळाजी आला. पहिल्या ठोक्याला डांबराची खपली पडली. दुसऱ्याला हातोडी आरपार. भाजलेल्या पापडासारखा सांगाडा! मग त्यानं आणखी ठोकलंच नाही.

माझ्याकडे कुणी बघितलं नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

धुळाजी म्हणाला, "कुणाचा दोष न्हाई, माय. यंदा पाऊसच लई झाला." माझ्यासाठी खोटं बोलला. भला माणूस.

आश्विन शुद्ध १०

दसरा. मोटारीची पूजा नाही. इंजिन जालन्याचा एक गिरणीवाला नेणार म्हणे.

आश्विन वद्य ५

मुंजाजी हैदराबादला गेला. तिथं कुणा जहागीरदाराची मोटार हाकायची. वर्षातून एकदा रजा. मी म्हणाले, घरची शेती बघ. तर म्हणाला, "मला येतं ते एवढंच, आज्जे. चाक हातात न्हाई तर मी कशाचाच न्हाई."

पाया पडला. मी रडतेय बघून माझीच समजूत काढली — "मनाला लावून घेऊ नगंस. तुला देवाचं भ्या वाटलं, म्हून शेंदूर नको म्हणलीस. त्यात तुझं काय चुकलं?"

वळणापर्यंत तीनदा मागे बघितलं त्यानं.

आश्विन वद्य ६

वन्सं, लिहा. माझ्याकडे बघू नका, लिहा. देवाचं भय नव्हतं. आत सडेल हे धुळाजीचं म्हणणं मला त्याच दिवशी पटलं होतं — म्हणूनच डांबर म्हणाले. मोटार सडली की पोरगं घरी राहील, असं वाटलं मला.