गंगूच्या ओळीनंतरची शांतता

कशेळे, मंगळवार, दिवेलागणीनंतर

सूनबाई, मी बोलते तसंच लिही. तुझी शुद्ध भाषा माहेरी ने.

आज विद्यापीठाच्या रेडिओवर माझी जाऊ गंगू गायली. तिला जाऊन वर्ष झालं, टेपवरचा आवाज मात्र तसाच, नाकातला. लग्नातला धवला एकीनं म्हणायचा, दुसरीनं उचलायचा. म्हणून रेडिओ केंद्रातली सलमा गंगूच्या प्रत्येक ओळीनंतर जागा मोकळी सोडते. तेवढ्यात मी इथं घरातून गाते. आज मात्र गायले नाही, नुसती ऐकत बसले.

दुपारी सलमाचा फोन आला होता. केंद्र मुंबईच्या कार्यालयाकडे द्यायचं चाललंय.

"आजी, ते म्हणतात मधली शांतता कापा. लोकांना वाटतं रेडिओ बंद पडला."

"सांग त्यांना, गंगू बंद पडली, रेडिओ नाय."

हसली पोरगी.

केंद्र इथल्या लोकांच्या हाती ठेवायचं का, यावर उद्या सभा आहे. मी जाणार. पण त्या शांततेचं काय सांगू? मेले हसतील.

सूनबाई लिहिता लिहिता विचारते, "आई, गंगूकाकींना तुमचं गाणं खरंच ऐकू जातं?"

कोण जाणे गं. पण आज मी गायले नाही, तरी ती थांबली होती, माझी वाट बघत. उद्या एवढंच सांगेन: तिला थांबू द्या.