घरचंच खमीर

प्रिय वैभवी,

काल तुझ्या बाबांनी मनीषनगरच्या घरातलं इडलीचं पीठ मोरीत ओतलं आणि ब्रेड शेजारच्या सिंधूताईंना देऊन टाकला. मी इकडे दवाखान्यात. माझ्या रक्तात यीस्ट सापडलं म्हणतात. यीस्ट म्हणजे खमीर, एवढंच बाबांना कळलं, आणि आता फुगणाऱ्या प्रत्येक गोष्टीशी त्यांचं वैर आहे.

तापाचं तुला माहीत आहेच. केमोनंतर पांढऱ्या पेशी तळाला गेल्या, ताप चढला तो अँटिबायोटिकला बधेना. रक्त तपासायला पाठवलं, त्यात हे वाढलं. जन्मभर जीवशास्त्र शिकवलेली बाई मी, मला कुठलं राहवतं? इथल्या डॉक्टर मिनलच्या मागेच लागले, तेव्हा पोरीने मोबाइलवर फोटो दाखवला. रक्त वाढवून पाहायच्या काचेच्या ताटलीत सायीसारखे पांढरे ठिपके, इतकं गरीब दिसतं वं. आलं कुठून विचारलं, तर म्हणाली, काकू, बाहेरून नाही, हे तुमच्याच आतड्यात आणि कातडीवर कधीचं राहत होतं. राखण करणाऱ्या पेशी संपल्या आणि केमोची नळी शिरेत होतीच, मग त्याला कोण अडवणार. म्हणजे इडली बिचारी निर्दोष. बाबांना हे सांगितलं, तर म्हणतात, घरचंच असून असं करते काय वं? मला हसू आलं. मग बराच वेळ त्यावरच विचार करत पडले.

नळी काढली आहे. यीस्ट म्हणजे बुरशीच, तिच्यावरचं औषध रोज सलाइनमधून जातं, पुढची केमो थांबली. याने माणसं दगावतात का, हेही विचारलं. मिनल खोटं बोलली नाही.

ही बुरशी रक्तातून डोळ्यांत जाऊन बसू शकते, हे मात्र मला अगदीच नवीन. आज डोळे तपासले. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर एक डाग आहे. औषधाने बहुतेक जाईल म्हणतात. फोनवर मी तुला रोज सांगते की नवी नोकरी आहे, रजा घालवू नको, मी ठणठणीत आहे. तेव्हा बाबा उशाशी बसलेले असतात आणि त्यांच्यासमोर मला घाबरता येत नाही. म्हणून हे लिहिलं, मिनल फोटो काढून तुला पाठवेल. मले भीती वाटून राहिली वं. दोन्ही डोळ्यांनी दिसून राहिलं तोवर तुले पाहायचं आहे. निघून ये.

तुझीच,
आई