समाजाचं ऊन

भीमनगर, कारंजगव्हाण, ता. शिरूर

प्रिय दादा,

जयभीम. फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. पोस्टमन तरी दौंडला तुझ्या फ्लॅटच्या दारापर्यंत पोचेल. आई बरी आहे. कालपर्यंत तुझं नाव निघालं की चार घरांना ऐकू जाईल एवढ्या कौतुकाने बोलायची.

तुझ्या ऑफिसची, नगरपंचायतीची नवी हरित इमारत पाहून आले. छान आहे. भर उन्हात भिंतीला हात लावला तर गार. आतले पंखे, दिवे सगळे आपल्या विहाराच्या गच्चीवरच्या सौर पॅनेलवर चालतात, हे तिथल्या शिपायाने मला कौतुकाने सांगितलं. विहारातली वीज गेली की आपल्या मुली मात्र वह्या घेऊन पायरीवर येतात. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात अभ्यासाला बसवत नाही, हे मी तुला सांगायला नको. तूही त्याच पायरीवर बसून इंजिनिअर झालास.

ती सभा आठवते का? विहारात सतरंजीवर सगळी वस्ती बसली होती. कागदावर होतं 'सामुदायिक सौर प्रकल्प'. कुशाबाईने विचारलं, "म्हंजी कुणाचं रं, बाळा?" आणि तू म्हणालास, "समाजाचं हाय, मावशे. आपलंच." बाहेरचा कुणी असं बोलला असता तर मी सोडून दिलं असतं. समाजाची वर्गणी, समाजाचा मांडव, समाजाची भांडी. आपल्याकडे तो शब्द आला की लोक पुढचं ऐकत नाहीत, अंगठे पुढे करतात. ऑफिसच्या भाषेत समाज म्हणजे सगळं गाव, आपल्या वस्तीत समाज म्हणजे आपण. तू दोन्हीकडे राहिलेला माणूस. म्हणून तर नगरपंचायतीने तुलाच पाठवलं.

त्या गच्चीवर मुलींची अभ्यासिका बांधायची होती. विटासुद्धा येऊन पडल्या होत्या. आता जिन्याला नगरपंचायतीचं कुलूप आहे आणि त्या अंगठ्यांवर पंचवीस वर्षं गच्ची त्यांची. विचारायला गेले तर म्हणाले, तुम्हाला वीज द्यायचा विचार दुसऱ्या टप्प्यात. आंधळं दळतंय आन् कुत्रं पीठ खातंय, असं धुरपदाकाकू म्हणाली. मी तिला गप्प केलं, कारण त्यात तुला कुठे बसवायचं ते मला कळेना. तू दमदाटी केली असतीस तर भांडता आलं असतं. तू आपुलकीने बोललास, त्याचा मला फार राग येतो.

परवा तू आईला निरोप धाडलास, रविवारी प्रकल्पाच्या उद्घाटनाला ये, लाभार्थी म्हणून दोन शब्द बोल. तिने पांढरी साडी धुऊन घडी घालून ठेवली होती. आज सकाळी मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिने साडी पेटीत ठेवली आणि म्हणाली, "ताप आलाय म्हून कळव त्याला." तिला ताप नाही. तिच्या जागी मी येतेय. वर लिहिलंय तेच माइकवर बोलेन, तुझ्या साहेबांसमोर, तुझं नाव घेऊन. पाठीमागून बोलायची आपल्या घरात रीत नाही, म्हणून आधी कळवलं. माझ्याआधी तू उठून म्हणालास, की वस्तीला मी फसवलं, त्यांची गच्ची त्यांना द्या, तर मी तोंड उघडणार नाही. रिक्षा करून आईला तिथे घेऊन येईन. तसं म्हणाला नाहीस, तर रविवारनंतर या घरी येताना आधी विचारून ये.

अजून तरी तुझीच,
रश्मी